चौघांचें जेवण

कल्याण जंक्शन सोडून कर्जतच्या वाटेला लागलेली लोकल गाडी पहिल्यानें जेथें थांबते तें स्थानक विठ्ठलवाडी. पुढें अंबरनाथास शिलाहारांच्या काळचें, इसवी सन १०६० मधील शिवालय आहे; तें पाहण्यासाठीं संशोधक आणि प्रवासी मुद्दाम वाट वांकडी करतात. विठ्ठलवाडीस तसें कोणी उतरत नाहीं. येथें उतरतात ते घरीं परतणारे लोक. त्यांतले कांहीं उल्हासनगरच्या कॅम्पांकडे वळतात, कांहीं कल्याण पूर्वेच्या चाळींकडे व इमारतींकडे. आणि दिवेलागणीच्या सुमारास त्यांपैकीं पुष्कळांच्या मनांत एकच प्रश्न घोळत असतो. घरीं चार माणसें आहेत, महिन्याची अखेर आहे, आज रात्रीं काय करावें? वाण्याकडून तांदूळ-डाळ घेऊन शिजवावें, कीं पोळी-भाजी केंद्रांतून पोळ्या बांधून घ्याव्या, कीं मुलांना घेऊन कोपऱ्यावरच्या उडुपी हॉटेलांत डोसा खावा?

प्रश्न क्षुल्लक दिसतो खरा; परंतु तो पडणें शक्य व्हावें एवढ्यासाठीं आपल्या समाजाला दीडशें वर्षांहून अधिक काळ चालावें लागलें आहे. आमच्या इतिहासकारांनीं तह आणि लढाया यांचा बारकाईनें शोध घेतला. पेशवाईंतील पंक्तींचीं आणि दक्षणेचीं वर्णनेंहि रसभरित लिहिलीं. कारकुनाच्या किंवा गिरणीकामगाराच्या घरांतील चौघांनीं थोडक्या पैशांत पोट कसें भरलें, हा विषय मात्र त्यांना स्वयंपाकघराचा वाटला व म्हणून तो तेथेंच राहिला. आम्हांस असें वाटतें कीं, या जेवणाच्या हिशेबांतून एक रकम सतत गळत आली आहे, आणि ती कोठें गळते हें पाहिल्यावांचून 'स्वस्त' या शब्दाचा अर्थच नीट लागत नाहीं. ती रकम म्हणजे रांधणाऱ्या बाईचे श्रम.

आगगाडी येण्यापूर्वीं महाराष्ट्रांत घराबाहेर जेवणें म्हणजे बहुधा दुसऱ्याच्या घरीं जेवणें. प्रवासी शिदोरी बांधून निघे. ती संपली कीं धर्मशाळेंत उतरून वाण्याकडून शिधा घेई आणि तीन दगडांच्या चुलीवर स्वतः शिजवी. शिजलेलें अन्न विकणें हें पाप मानलें जाई, आणि विकत घेणाऱ्यापुढें तें कोणाच्या हातचें हा प्रश्न उभा राही. म्हणजे आपल्याकडे किराणा मालाचें दुकान हें हॉटेलाहून कितीतरी जुनें. वाण्यानें शिधा द्यावा, पुढचें ज्याचें त्यानें पहावें, अशी ती व्यवस्था होती. आणि 'ज्याचें त्यानें' याचा अर्थ घरीं असतांना 'जिचें तिनें' असा होई, हें सांगावयास नको. सोंवळ्याचें हें कुलूप किती घट्ट होतें तें पुण्याच्या पंचहौद मिशनच्या प्रकरणावरून दिसतें. १८९० सालीं तेथें चहा-बिस्किटें पुढें आलीं एवढ्यावरून टिळक, रानडे, गोखले यांच्यासारख्या मंडळींवर ग्रामण्याचा प्रसंग आला आणि प्रायश्चित्ताचा वाद पुढें बराच काळ गाजत राहिला. एका पेल्या चहाची जेथें ही कथा, तेथें सहकुटुंब हॉटेलांत जाण्याची गोष्ट कोणी काढावी?

तें कुलूप शास्त्रार्थानें निघालें नाहीं. तें पोटानें काढलें. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी आली, दुसऱ्याच वर्षीं रूळ कल्याणपर्यंत पोंचले. आणि त्याच १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं मुंबईंत कापडगिरणीची पहिली कंपनी उभारली. पुढील पन्नास वर्षांत रत्नागिरी आणि सातारा या जिल्ह्यांतून हजारों पुरुष परळ-लालबागेंत आले. ते एकटे आले, ही यांतील मुख्य गोष्ट. बायको-मुलें गांवीं शेतापाशीं राहिलीं, आणि एकेका खोलींत दहा-पंधरा गडी पाळीपाळीनें झोपूं लागले. त्यांना चूल पेटवावयास ना जागा होती ना वेळ. त्यांच्यासाठीं खाणावळ निर्माण झाली.

खाणावळ म्हणजे आजच्या अर्थानें हॉटेल नव्हे. चाळींतल्या एका खोलींत राहणारी कोणी कामगाराची बायको, किंवा नवरा गमावलेली, किंवा नवऱ्याची नोकरी गेलेली स्त्री आपल्या संसाराच्या चुलीवरच आणखी पंधरा-वीस माणसांचें रांधी. पहिल्या पाळीचा डबा सूर्य उगवण्यापूर्वीं तयार हवा, शेवटच्या पाळीचा माणूस मध्यरात्रीं जेवावयास येणार. पैसे महिन्याच्या पगारावर मिळत. तोंवर वाण्याची उधारी तिच्या नांवावर. कामगाराला हें जेवण स्वस्त पडे यांत शंका नाहीं. पण तें कां स्वस्त पडे? तांदूळ, डाळ, रॉकेल आणि खोलीचें भाडें तिच्या हिशेबांत धरलें जाई. तिची स्वतःची पहाट आणि मध्यरात्र धरली जात नसे. मुंबईच्या कापडधंद्याच्या भरभराटीवर मोठालीं पुस्तकें झालीं आहेत. त्या धंद्याला मजूर कमी पगारावर मिळाला, याचें एक कारण त्याचें जेवण कमी पैशांत रांधणारी बाई पाठीशीं होती, हें त्यांत शोधून काढावें लागतें.

ही गोष्ट प्रथम संघटितपणें ओळखली ती प्रेमा पुरव यांनीं. गोव्याच्या मुक्तिलढ्यांतून आलेल्या आणि गिरणगांवांत कामगारांमध्यें काम केलेल्या या बाईंनीं पाहिलें कीं, संपाच्या दिवसांत खाणावळवालीच कामगाराला उधारीवर जेवूं घालते, आणि संप मिटल्यावर तिच्या डोक्यावरचें सावकाराचें कर्ज मात्र तसेंच राहतें. १९६९ मध्यें बँकांचें राष्ट्रीयीकरण झालें होतें. तेव्हां गरिबाला कर्ज द्यावयाचें हें बोलणें खाणावळवालीलाहि लागूं करा, असा आग्रह धरून १९७५ सालीं त्यांनीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिलें. बँकेच्या कागदावर या बायकांची नोंद धंदा करणारी म्हणून झाली. सात वर्षांनीं, १८ जानेवारी १९८२ रोजीं, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यांतून गिरणगांवच उठलें. खाणावळींचें गिऱ्हाईक पांगलें. असो. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

एकट्या पुरुषासाठीं जी सोय झाली ती कुटुंबाला उपयोगी पडली नाहीं, हें येथें लक्षांत घेतलें पाहिजे. पांढरपेशा वर्गाचीहि तीच स्थिति. गिरगांव-दादरचीं भोजनगृहें मुख्यतः बिऱ्हाड नसलेल्या कारकुनांचीं आणि विद्यार्थ्यांचीं. माटुंग्यास ए. रामा नायक यांनीं १९४२ सालीं काढलेलें उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग केळीच्या पानावर पोटभर जेवण देण्याबद्दल प्रसिद्धीस आलें, तेंहि आरंभीं घरापासून दूर नोकरीस आलेल्या दक्षिणी लोकांच्या आधारावर. डबेवाल्यांची व्यवस्था १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनीं सुरू केली असें मानतात. तिच्या अचूकपणाचें कौतुक परदेशांतहि झालें आहे. पण तो डबा वेळेवर निघावा म्हणून पहाटे कोण उठे, हें त्या कौतुकांत कोठें येत नाहीं. कुटुंबासाठीं दार थोडें उघडलें तें इराण्यांनीं. कोपऱ्यावरच्या त्यांच्या हॉटेलांतून 'फॅमिली रूम' असे; लांकडी आडोशाच्या त्या खणांत बायका-मुलांनीं बसावें, ब्रून-मस्का आणि चहा घ्यावा, आणि बाहेरच्या नजरांपासून दूर रहावें. आज आपल्याला त्या आडोशाचें हसूं येईल. परंतु कितीएक मराठी घरांतील स्त्रियांनीं परक्याच्या हातचा चहा पहिल्यानें घेतला तो त्या आडोशामागेंच असावा, असें आम्हांस वाटतें.

दुसऱ्या महायुद्धानें सरकारला या प्रश्नांत ओढलें. २ मे १९४३ पासून मुंबई शहरांत शिधावाटप सुरू झालें. माणशीं धान्याचें माप ठरलें आणि त्यासाठीं दुकानापुढें उभें राहणें हें घराच्या नित्यकर्मांत जमा झालें. त्याच सुमारास विलायतेंत निराळी युक्ति चालली होती. तेथें सरकारनें व नगरसंस्थांनीं 'ब्रिटिश रेस्टॉरंट' या नांवाचीं भोजनालयें काढलीं. नऊ पेनींच्या आंत पूर्ण जेवण मिळे, आणि १९४३ पर्यंत त्यांची संख्या दोन हजारांवर गेली. कारखान्यांत जाणाऱ्या स्त्रियांच्या डोक्यावरचें स्वयंपाकाचें ओझें कमी व्हावें, हा विचार त्यामागें होता. आपल्याकडे धान्य मोजून मिळालें. तें निवडण्याचें, दळून आणण्याचें, शिजवण्याचें काम जेथें होतें तेथेंच राहिलें.

आतां पुन्हा विठ्ठलवाडीकडे येऊं. कारण कुटुंबाच्या स्वस्त जेवणाच्या इतिहासांत या बाजूचा खरा वांटा येथून पुढें सुरू होतो. युद्धकाळांत कल्याणजवळ सैन्यासाठीं मोठी छावणी बांधलेली होती; तींत दोन हजारांहून अधिक बराकी होत्या. युद्ध संपलें, छावणी ओस पडली, आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेले सुमारें एक लाख निर्वासित या बराकींत येऊन राहिले. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें या वसाहतीचें उल्हासनगर असें नामकरण झालें. परळांत जे आले होते ते एकटे गडी होते. येथें आलीं तीं अख्खीं कुटुंबें, म्हाताऱ्यांसकट आणि तान्ह्यांसकट. त्यांच्या मागें गांवीं शेत नव्हतें, कीं मनिऑर्डर पाठवावी असें घर नव्हतें. सैनिकांसाठीं बांधलेल्या लांबच लांब बराकींत गोणपाटाचे पडदे लावून संसार थाटले गेले. सरकारी मदत होती तोंवर होती. ती आटूं लागली तेव्हां घरांतील प्रत्येक हाताला काम शोधावें लागलें, आणि सर्वांत जवळचें काम चुलीपाशींच होतें.

बायका पापड लाटूं लागल्या, लोणचीं घालूं लागल्या. पुरुष आणि मुलें तो माल लोकल गाड्यांतून विकूं लागलीं. कांहींनीं किराणा मालाच्या टपऱ्या टाकल्या. या दुकानदारांविषयीं एक गोष्ट अजून सांगतात कीं, साखर खरेदीच्याच भावानें विकावी आणि नफा म्हणून पाठीमागें राहिलेलें रिकामें पोतें विकावें. गोष्टींत तिखटमीठ असेल. पण अत्यल्प नफ्यावर भराभर माल फिरवण्याची जी रीत तींत वर्णिली आहे ती खरी होती, आणि आसपासच्या मराठी वस्तीला तिचा गुण लौकर कळला. कल्याणच्या कारकुनाची बायको जुन्या वाण्याच्या वहींतलें खातें न मोडतां, रोखीचा माल मात्र कॅम्पांतून आणूं लागली. तोंडानें नांवें ठेवावीं आणि पिशवी घेऊन तेथेंच जावें, हा मध्यमवर्गाचा शिष्टाचार तेव्हांपासूनचा आहे. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद करणाऱ्यांच्या घरांतहि कॅम्पचे पापड तळले जात होते.

दाल-पकवान हा पदार्थ या दृष्टीनें पाहण्याजोगा आहे. मैद्याची पुरी लाटावयाची, ती फुगूं नये म्हणून तिला टोंचे मारावयाचे आणि मंद आंचेवर कडक होईतों तळावयाची. हें झालें पकवान. तें कोरडें असल्यामुळें सकाळीं तळलेलें दिवसभर टिकतें. शेजारीं पातेल्यांत हरभऱ्याची डाळ मऊ शिजत असते. तिच्यावर चिंचेची आणि हिरवी चटणी, थोडा कच्चा कांदा. चूल एकदां पेटली कीं शंभरांना पुरते. ताट नको, वाटीचमचा नको, पकवानाच्या तुकड्यानेंच डाळ उचलावी. डाळ आणि मैदा हे दोन्ही वाण्याकडचे स्वस्त जिन्नस. पोटाला आधार मात्र दुपारपर्यंत पुरेल एवढा. सिंध्यांच्या घरचा हा रविवारचा नाश्ता गाड्यांवर आला आणि कॅम्पांच्या रस्त्यांवर सहकुटुंब उभ्यानें खाल्ला जाऊं लागला. इराण्याच्या लांकडी आडोशाची येथें कोणाला गरज पडली नाहीं. ज्यांचीं घरेंच रस्त्यावर आलीं होतीं त्यांनीं रस्त्यावर खाण्याची लाज मोडून काढली.

किराणा मालाच्या बाजूनें मराठी समाजानें जें केलें तें याहून निराळ्या जातीचें आहे, आणि आमच्या मतें त्याची नोंद पुरेशी झालेली नाहीं. १९४८ सालीं नायगांवच्या कामगारांनीं ग्राहकांची एक सहकारी संस्था काढली. तीच पुढें 'अपना बाजार' या नांवानें घरोघरीं ठाऊक झाली. मग १९७२ चा दुष्काळ आला. तेल, तूप, साखर बाजारांतून दिसेनाशीं झालीं, आणि मृणाल गोरे व अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकारानें मुंबईंत स्त्रिया लाटणीं घेऊन रस्त्यावर उतरल्या. लाटणें हें स्त्रीच्या श्रमाचें हत्यार. तें हातांत उंच धरून निघालेला तो मोर्चा म्हणजे आम्ही वर सांगितलेली गळकी रकम चव्हाट्यावर येण्याचाच प्रसंग होता. १९७५ च्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. बिंदुमाधव जोशी, सुधीर फडके आदि मंडळी तिच्या आरंभींच्या कार्यकर्त्यांत होती. तिची रीत सोपी. शेजारच्या कांहीं कुटुंबांनीं मिळून एक संघ करावा, प्रत्येकानें महिन्याची मागणी लिहून द्यावी, पंचायतीनें घाऊक बाजारांतून माल एकत्र घ्यावा, ट्रकनें तो एका सभासदाच्या घरीं उतरवावा आणि सर्वांनीं जमून वांटून घ्यावा. दुकान नाहीं, गल्ला नाहीं, जाहिरात नाहीं. ठाणें-डोंबिवलीच्या इमारतींतून महिन्याला एकदां कोणाच्या तरी बैठकीच्या खोलींत तुरडाळीच्या पुड्यांचा ढीग पडे आणि शेजारणी याद्या घेऊन बसत. माल स्वस्त पडे तो याच श्रमामुळें. पण येथें एक फरक आहे. खाणावळवालीचा श्रम दुसऱ्याच्या पदरांत पडे. हा श्रम करणारीच्याच घरीं परत येई, आणि तो किती आहे हें सर्वांना दिसे.

२००२ सालीं पवईस डी-मार्टचें पहिलें दुकान उघडलें आणि तसल्या दुकानांचा काळ सुरू झाला. तेथें भाव खरोखर कमी असतात. रांगेंत उभें राहणें, गाडा ढकलणें, पिशव्या वाहणें हें गिऱ्हाईकानें करावयाचें. ज्याचें त्यानें करावें, हा धर्मशाळेचाच नियम नव्या झगमगाटांत आलेला पाहून आम्हांस गंमत वाटते.

सरकारनें शिजलेलें अन्न देण्याचे दोन ठळक प्रयत्न केले. १९९५ मध्यें युति सरकारनें एका रुपयांत झुणका-भाकर देण्याचीं केंद्रें काढलीं. सरकार बदलल्यावर ती योजना बंद पडली, आणि केंद्रांच्या जागांवरून मात्र बराच काळ वाद चालले. दुसरा प्रयत्न २६ जानेवारी २०२० रोजीं सुरू झालेल्या शिवभोजन थाळीचा. तींत प्रत्येकी ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात आणि १०० ग्रॅम वरण असें माप ठरलें. खाणाऱ्यानें १० रुपये द्यावयाचे. थाळीची किंमत मात्र शहरांत ५० रुपये आणि ग्रामीण भागांत ३५ रुपये धरून बाकीची रकम सरकारनें चालवणाऱ्याला द्यावयाची. रांधणें फुकट होत नाहीं, त्याची किंमत कोणीतरी मोजली पाहिजे, हें येथें सरकारी कागदावर आलें, आणि तेवढ्यापुरता आम्हांस हा निर्णय महत्त्वाचा वाटतो. तरीहि ही थाळी दुपारीं बारा ते दोन या वेळांत, केंद्रावर बसून, माणशीं एक अशी खावयाची होती. हमाल, रिक्षावाले, परगांवाहून रुग्णालयांत आलेले लोक यांची तिनें मोठी सोय केली. रात्रीं घरीं जमणाऱ्या चौघांसाठीं ती नव्हतीच. कुटुंबाला सरकार देतें तें धान्य. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें बहुतेक पात्र घरांना तें माणशीं महिन्याला ५ किलो ठरलें. शिजलेलें ताट एकट्याला आणि कोरडा शिधा कुटुंबाला, ही वांटणी दीडशें वर्षांपूर्वींच्या खाणावळ आणि वाणी यांच्या वांटणीहून फारशी वेगळी नाहीं.

कुटुंबासाठीं शिजलेलें अन्न स्वस्तांत देण्याची खरी युक्ति कोणत्याहि सरकारनें काढली नाहीं. ती गल्लींतून निघाली. कल्याणांत एका घराच्या खिडकींतून वडे विकले जात, म्हणून तो 'खिडकी वडा' झाला. घरांतली कढई जागची न हलतां बाजारांत आली, असें त्या नांवांतच आहे. ठाण्यास मामलेदार कचेरीपाशीं मिळणारी मिसळ कचेरीचेंच नांव घेऊन बसली. परंतु या खिडकीचा पूर्ण विस्तार झाला तो डोंबिवलीकडच्या पोळी-भाजी केंद्रांत. स्त्रिया नोकरीसाठीं सकाळच्या लोकलनें मुंबईस जाऊं लागल्या, संध्याकाळीं सात-आठ वाजतां परतूं लागल्या, आणि आठाच्या पुढें चार माणसांच्या बारा पोळ्या लाटणें हें त्यांच्या जिवावर येऊं लागलें. भात-आमटी कुकरमध्यें लवकर होते. पोळीला मात्र हात लागतात. म्हणून पोळ्या विकत घेतल्या जाऊं लागल्या, क्वचित् एखादी भाजी; बाकीचें घरीं. ही अर्धी खरेदी आणि अर्धा स्वयंपाक अशी मधली वाट हॉटेलाहून पुष्कळ स्वस्त पडते, आणि 'घरचें' म्हणण्यापुरतें घरपणहि राहतें. ज्या सासवांनीं प्रारंभीं नाकें मुरडलीं त्याच पुढें 'आज केंद्रावरून आणा, तिला उशीर होईल,' असें सांगूं लागल्या, हें आम्ही पुष्कळ घरांतून ऐकलें आहे.

पोळीवर दर असतो. विकत घेणारी स्त्री मनांत हिशेब करते: पीठ इतक्याचें, गॅस इतक्याचा, आणि माझा एक तास. आपल्या तासाला किंमत लावून तो हिशेबांत मांडणें हें तिच्या पणजीला जमलें नसतें. पोळपाटामागची बाई कोठें रोजावर असते, कोठें पोळीमागें पैसे घेते. तीहि लोकलनेंच येते, कधीं टिटवाळ्याहून, कधीं बदलापुराहून, कधीं विठ्ठलवाडीहून. दिवसभर शेंकडों पोळ्या लाटून ती रात्रीं घरीं पोंचते, तेव्हां तिच्या घरच्या चौघांच्या पोळ्या बहुधा तीच लाटते.